तिघांवरून ‘विचित्र’ ठरत नाही

१ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या ॲटलस दुर्बिणीने धनू राशीच्या तारकागर्दीत एक सरकता ठिपका टिपला. दुसऱ्याच दिवशी तो सूर्यमालेबाहेरून आल्याचे जाहीर झाले, ३आय/ॲटलस असे नाव पडले, आणि महिना संपायच्या आत जगभर वाद पेटला: हा धूमकेतू, की कुणी धाडलेले यान? हार्वर्डचे आवी लोब यांनी यानाची शक्यता मांडली, वाहिन्यांनी ती उचलून धरली, आणि बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांनी ती दोन वाक्यांत झटकून टाकली. माझ्या मते या वादात प्रश्नच चुकीचा विचारला गेला. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या म्हणून खात्रीने ओळखलेल्या वस्तू आजवर तीन. तीन नमुन्यांवरून नेहमीचे काय आणि विचित्र काय, हे कुणालाच ठरवता येत नाही; लोब यांना नाही, आणि त्यांना हसणाऱ्यांनाही नाही. सार्वजनिक पैसा आणि दुर्बिणींचा वेळ ‘यान आहे की नाही’ या कुस्तीवर नव्हे, तर चौथी, दहावी, तिसावी वस्तू लवकर सापडावी आणि त्यातल्या एखादीजवळ पोहोचता यावे यासाठी खर्च झाला पाहिजे. शिवाय जो नवी उपपत्ती मांडेल त्याने निरीक्षणाआधीच सांगावे, की काय दिसले तर मी ती मागे घेईन.

आधी त्या तिघांची ओळख करून घेऊ, कारण वाद घालणाऱ्या अनेकांना ती नसते. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने पहिला शोधला, ओमुआमुआ. तोपर्यंत त्याला सूर्याजवळून जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि तो परतीच्या वाटेवर होता. शेपूट नाही, धुळीचे आवरण नाही, आणि सूर्यापासून फार दूर असतानाचा त्याचा मूळ वेग सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर. दुसरा ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियात गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बांधलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून शोधला. त्याचा वेग ३२ किलोमीटर, दिसायला सरळसोट धूमकेतू, फक्त पाण्याच्या मानाने कार्बन मोनॉक्साइड भरपूर. तिसरा ॲटलस. वेग ५८ किलोमीटर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने पाहिले तेव्हा त्याच्या आवरणात पाण्याच्या सुमारे आठ पट कार्बन डायऑक्साइड. तिघांचे एकमेकांशी फारसे जुळत नाही. पण आपल्याच सूर्यमालेतून डोळे मिटून तीन वस्तू उचलल्या, समजा बेन्नू हा छोटा लघुग्रह, हॅलेचा धूमकेतू आणि प्लूटो, तर त्यांचे तरी जुळले असते का? आणि त्या तिघांवरून परक्या ताऱ्याजवळच्या कुणी सूर्यमालेविषयी मत बनवले असते, तर ते कितपत खरे निघाले असते?

परकेपणा ओळखायची कसोटी मात्र पक्की आहे, आणि तिच्याबद्दल वाद नाही. कक्षेचा आकार विमध्यता नावाच्या आकड्याने मोजतात. वर्तुळासाठी तो शून्य, लंबवर्तुळासाठी एकच्या आत, अन्वस्तासाठी बरोबर एक, आणि एकच्या पुढे गेला की मार्ग अपास्त, म्हणजे वस्तू परत येत नाही. ओमुआमुआचा आकडा १.२०, बोरिसोव्हचा ३.३६ आणि ॲटलसचा सहाच्या थोडा पुढे. केवळ एक ओलांडला म्हणून वस्तू परकी ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. १९८० मध्ये सापडलेला बॉवेलचा धूमकेतू आपल्याच सूर्यमालेतला. गुरूजवळून जाताना त्याला असा हिसका बसला की विमध्यता १.०५७ झाली आणि तो कायमचा बाहेर निघाला. म्हणून आकड्यासोबत मागचा मार्गही तपासावा लागतो: वाटेत कुठला ग्रह आडवा आला होता का, आणि मोजमापातली चूक किती. या तिघांबाबत दोन्ही शंका उरत नाहीत.

आता यानवाद्यांच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे मान्य करतो. पहिला, ओमुआमुआचे कोडे खरेच सुटलेले नाही. जून २०१८ मध्ये मार्को मिकेली आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गुरुत्वाकर्षणाने जितके ढळायला हवे त्याहून ते थोडे जास्त ढळत होते. पृथ्वीइतक्या अंतरावर हा जादा धक्का म्हणजे वेगात दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ०.००४९ मिलिमीटरची भर, सूर्याच्या ओढीच्या हजाराव्या भागाहूनही किंचित कमी. धूमकेतूंना असा धक्का बसतोच, कारण उन्हाकडच्या बाजूने वायू फुटून निघतात. पण इथे धूळ दिसली नाही, आणि स्पिट्झर अवकाश दुर्बिणीलाही काही सापडले नाही. लोब आणि शमुएल बियाली यांनी मग विचारले, की केवळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने हा धक्का बसेल का? गणित सोपे आहे. पृथ्वीच्या अंतरावर प्रकाश दर चौरस मीटरला ४.५ ते ९ मायक्रोन्यूटन ढकलतो. त्यातून एवढा प्रवेग मिळायचा तर चौरस मीटरमागे वस्तुमान किलोभर, फार तर दोन किलो असायला हवे. म्हणजे मिलिमीटरहून पातळ पत्रा. हे गणित चुकीचे नाही, आणि त्याला वेडगळ म्हणणाऱ्यांनी ते बहुधा केलेले नसते.

पण गणित जुळले म्हणून उपपत्ती सिद्ध झाली का? त्याच धक्क्यासाठी पुढच्या पाच वर्षांत आणखी तीन उत्तरे आली. गोठलेल्या हायड्रोजनचा तुकडा, हे २०२० चे. लोब यांनीच थिएम होआंग यांच्यासह दाखवले की तो ताऱ्यांमधल्या प्रवासात टिकणार नाही, आणि तो आक्षेप वजनदार होता. गोठलेल्या नायट्रोजनची ढलपी, प्लूटोसारख्या एखाद्या पृष्ठभागावरून उडालेली, हे २०२१ चे. तिसरे जेनिफर बर्ग्नर आणि डॅरिल सेलिग्मन यांचे, २०२३ चे: लाखो वर्षे विश्वकिरणांचा मारा झालेल्या पाण्याच्या बर्फात हायड्रोजन अडकून राहतो आणि ऊन लागले की निसटतो, धूळ न उडवता ढकलतो. यांतले कुठले खरे, हे एका वस्तूवरून ठरणार नव्हते. पण त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. आपल्याच सूर्यमालेत शेपूट नसलेले, तरीही असे ढळणारे छोटे दगड सापडू लागले. २००३ आरएम हा त्यातला एक. २०२४ अखेर अशा ‘काळ्या धूमकेतूं’ची संख्या चौदा झाली. ओमुआमुआचे वागणे जगावेगळे असल्याचा दावा यांनी पातळ केला. तोही कुणाच्या वक्तृत्वाने नव्हे, नमुने वाढल्याने. ओमुआमुआ स्वतः काय होते हे मात्र कदाचित कधीच कळणार नाही. २ जानेवारी २०१८ ला हबलला ते शेवटचे दिसले, आणि तेव्हाही नुसत्या ठिपक्यापलीकडे काही नव्हते. सिगारसारखा लांबुळका लालसर दगड सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, तो चित्रकाराने काढलेला आहे. निरीक्षण होते ते तेजाच्या चढउताराचे, सुमारे दहापट; आणि तो चढउतार चपट्या चकतीनेही जुळतो.

दुसरा भक्कम मुद्दा इतिहासाचा. आकाशातून दगड पडतात असे अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७९४ मध्ये लिहिले तेव्हा विद्वानांनी त्यांची टर उडवली होती. मग आज लोब यांची टर उडवणारे तीच चूक करत नाहीत कशावरून? करत असतीलही. पण क्लाड्नी जिंकले कशाने, तेही बघा. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाभोवती दगडांचा पाऊस पडला, तीन हजारांच्या आसपास. झां-बाप्तिस्त बियो तिथे गेले, गावोगाव साक्षी घेतल्या, दगड कुठे आणि केवढे पडले याचा नकाशा केला, त्या परिसरात तसा खडक कुठेच नाही हे दाखवले. टर थांबली ती एकाचे तीन हजार झाल्यावर. ‘आम्हालाही आधी हसलेच होते’ हा युक्तिवाद खरा ठरलेल्यांइतकाच खोट्या ठरलेल्यांनाही लागू पडतो, म्हणून तो कशाचाच पुरावा नाही. मंगळावरचे कालवे बघणाऱ्या पर्सिव्हल लोवेल यांनाही लोक हसले होते, आणि बरोबरच हसले होते.

तिसरा मुद्दा, की शास्त्रज्ञ कृत्रिम वस्तूची शक्यता विचारातच घेत नाहीत. हा मात्र मान्य करता येत नाही, कारण ते ती घेतात आणि ओळखूनही दाखवतात. सप्टेंबर २०२० मध्ये पॅन-स्टार्सनेच २०२० एसओ नावाचा ‘लघुग्रह’ शोधला. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी फारच मिळतीजुळती, पृथ्वीसापेक्ष वेग संथ, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाने तो इतका ढळत होता की आतून पोकळ असावा. मागचा मार्ग काढला तर तो १९६६ मध्ये पृथ्वीपाशी पोहोचला. त्या वर्षी २० सप्टेंबरला सर्व्हेयर-२ हे चांद्रयान सुटले होते. मग वर्णपट, म्हणजे उजेडातल्या रंगांचे मोजमाप, घेतला. तो त्याच जातीच्या दुसऱ्या जुन्या सेंटॉर रॉकेटच्या टप्प्याशी, म्हणजे स्टेनलेस स्टीलशी जुळला. तीन महिन्यांत निकाल लागला, कुणाचा जीव धोक्यात आला नाही, कुणी काही लपवले नाही. (उलटीही गंमत झाली: जानेवारी २०२५ मध्ये लघुग्रह म्हणून नोंदलेली एक वस्तू २०१८ साली अवकाशात सोडलेली मोटार निघाली, आणि नोंद दुसऱ्या दिवशी रद्द झाली.) कृत्रिम वस्तू ओळखण्याच्या खुणा ठाऊक आहेत: हलकेपणा, धातूचा वर्णपट, न फुटणारा वायू. ॲटलसला त्या लावून बघा. पाणी, सायनोजेन (धूमकेतूंत नेहमी आढळणारा विषारी वायू), कार्बन डायऑक्साइड, धूळ. एकही खूण बसत नाही.

आणि इथेच दोन उपपत्तींमधला खरा फरक दिसतो. धूमकेतू म्हणणाऱ्यांनी जुलैमध्येच सांगितले होते, की सूर्याजवळ येईल तशी धूळ वाढेल, पाण्याच्या फुटण्यातून येणारे हायड्रॉक्सिल दिसेल, सायनोजेन दिसेल, वायूच्या झोतामुळे बारीकसा जादा धक्का मोजता येईल. हे सगळे दिसले. यानवाल्यांनी काय सांगितले होते? कदाचित सूर्याआड असताना दिशा बदलेल, कदाचित छोटी याने सोडेल. २९ ऑक्टोबर २०२५ रोजी ॲटलस सूर्यापासून १.३६ खगोलीय एककांवरून (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक), सेकंदाला सुमारे ६८ किलोमीटर वेगाने गेले आणि धूमकेतूला शोभेल एवढाच धक्का घेऊन ठरल्या जागी बाहेर आले. मग यानाची उपपत्ती मागे घेतली गेली का? नाही, विचित्र गोष्टींची यादी तेवढी लांबली. जिला काहीही दिसले तरी चालते, ती उपपत्ती तपासायची कशी?

त्या यादीतल्या काही नोंदी बघण्यासारख्या आहेत, कारण मोजमाप कुठे फसते हे त्यातून कळते. पहिली नोंद आकाराची. सुरुवातीला ‘वीस किलोमीटरचा’ असे छापून आले. दुरून आकार मोजता येत नाही. तेज मोजतात, पृष्ठभाग किती काळा हे गृहीत धरतात, आणि त्यावरून व्यास काढतात. वस्तू उघडी असेल तरच हे चालते. तिच्याभोवती धुळीचे आवरण असेल, तर उजेड बहुतांश धुळीचा असतो आणि आपण धुळीचा व्यास केंद्रकाच्या, म्हणजे आतल्या घन गाभ्याच्या, नावावर टाकतो. २१ जुलैला हबलने ते आवरण स्पष्ट टिपले आणि केंद्रक जास्तीत जास्त ५.६ किलोमीटर, कमीत कमी ४४० मीटरच्या आसपास असल्याचे निघाले. व्यास चौथ्या भागावर आला की आकारमान चौसष्टाव्या भागावर येते. ‘एवढा मोठा दगड इतक्या लवकर सापडणे अशक्य’ हा आक्षेप तिथेच विरला.

दुसरी नोंद दिशेची. ॲटलसची कक्षा ग्रहांच्या प्रतलापासून पाचच अंशांनी कललेली, मात्र उलट दिशेने फिरणारी. असे योगायोगाने घडायची शक्यता हजारात दोन, असे सांगितले गेले. आकडा बरोबर आहे. पण हा गुणधर्म आधी निवडला होता, की वस्तू दिसल्यावर? कल, वेग, येण्याची दिशा, मंगळापासूनचे अंतर, गुरूपासूनचे अंतर, उपसूर्य बिंदूची (सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची) तारीख, निकेलचे प्रमाण, शेपटीची दिशा… वीस-तीस गुणधर्म चाचपले, की त्यातला एखादा हजारात दोनसारखा निघायची शक्यता वीस-तीस पटींनी वाढते. मग ‘सगळ्यांच्या शक्यता गुणा’ म्हणणारे येतात, आणि आधीच निवडून काढलेले आकडे गुणून कोट्यवधीत एक मिळवतात.

निकेलचेही तसेच. आवरणात निकेलची वाफ दिसली आणि लोह दिसले नाही, म्हणून कारखान्यातला मिश्रधातू! पण २०२१ मध्येच आपल्या अनेक धूमकेतूंत, सूर्यापासून खूप दूर असतानाही, निकेल आणि लोहाची वाफ सापडली होती. निकेल बोरिसोव्हमध्येही सापडले. निकेल कार्बोनिलसारखी संयुगे लोहाच्या संयुगांहून कमी तापमानाला उडत असावीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. तसे असेल तर थंडीत आधी निकेल दिसावे आणि जवळ आल्यावर लोह. ॲटलसमध्ये पुढे लोहही सापडले.

सर्वांत वाईट चर्चा झाली ती ‘लपवालपवी’ची. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी ठप्प होते. नेमके ३ ऑक्टोबरला ॲटलस मंगळाजवळून, सुमारे तीन कोटी किलोमीटरवरून गेले. मंगळाभोवतीच्या अमेरिकी यानाच्या हायराइज कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे १९ नोव्हेंबरला आली, आणि ती धूसर होती. झाले, नासा काहीतरी दडवते आहे! हायराइजचा एक चित्रबिंदू म्हणजे एक मायक्रोरेडियन कोन. तीन कोटी किलोमीटरवर तो तीस किलोमीटर भरतो. पाच किलोमीटरचे केंद्रक एका चित्रबिंदूच्या सहाव्या भागात मावते. चित्र धूसर नसते तरच संशय घ्यायला हवा होता. आणि दडवणार कुणापासून? युरोपीय यानाची मंगळावरून घेतलेली चित्रे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर लगेच आली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीला २४ ऑक्टोबरला हायड्रॉक्सिलच्या १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या दोन शोषणरेषा मिळाल्या. बातमी झाली ‘ॲटलसकडून रेडिओ संदेश’. मुळात तिथे रेडिओ लहरी कमी झालेल्या होत्या, आणि त्या रेषा पाण्याच्या सर्वांत जुन्या ओळखखुणांपैकी आहेत. लघुग्रहांच्या इशाऱ्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २७ नोव्हेंबरपासून ॲटलसचे स्थान मोजण्याची मोहीम आखली, तेव्हा ‘पृथ्वीरक्षण सुरू झाले’ अशी हाकाटी झाली. मोहीम होती सरावाची, आणि सरावाचे कारण साधे: धूमकेतूचे स्थान मोजताना आवरणाचा सर्वांत उजळ भाग धरला जातो, तो केंद्रकावर नसतो, आणि त्यामुळे कक्षा चुकते. ही चूक कशी काढायची ते जगभरच्या वेधशाळांना शिकायचे होते.

१९१० ची आठवण इथे येतेच. हॅलेच्या शेपटीत सायनोजेन सापडले होते आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. रसायनशास्त्र बरोबर होते, चुकले होते ते प्रमाणाचे भान, कारण शेपटीतला वायू आपण प्रयोगशाळेत ज्याला निर्वात म्हणतो त्याहून विरळ असतो. एकशे पंधरा वर्षांनी तोच सायनोजेन आणि तोच गोंधळ.

याहून उपयोगी, पण फारसा कुणी न काढणारा, दाखला उल्कांचा आहे. १९३१ ते १९३३ मध्ये हार्वर्डच्या ॲरिझोना मोहिमेत अर्न्स्ट ओपिक यांनी हलत्या आरशातून उल्का पाहून त्यांचे वेग काढले आणि त्यातल्या पुष्कळशा ताऱ्यांमधून आलेल्या असल्याचा निष्कर्ष दिला. पृथ्वीपाशी सूर्यसापेक्ष वेग ४२ किलोमीटरच्या पुढे गेला, की वस्तू सूर्याला बांधलेली नाही. पुष्कळ उल्का या मर्यादेच्या जरा आतच असतात, त्यामुळे डोळ्यांनी केलेल्या मोजमापात पाच-दहा किलोमीटरची चूक झाली, तरी घरच्या उल्का घाऊक प्रमाणात परक्या ठरतात. युद्धानंतर जॉड्रेल बँकच्या रडारने आणि फ्रेड व्हिपल यांच्या जोडकॅमेऱ्यांनी नेमके वेग मोजले, आणि परक्या उल्का जवळजवळ नाहीशा झाल्या. ओपिक थोर खगोलशास्त्रज्ञ होते; त्यांना फसवले ते मोजमापातल्या फरकाने. ८ जानेवारी २०१४ ला पापुआ न्यू गिनीजवळ पडलेल्या उल्केबाबत नेमके हेच पुन्हा घडते आहे. तिचा वेग अमेरिकी लष्करी उपग्रहांनी मोजला, आणि त्या मोजमापात किती चूक असू शकते ते जाहीर झाले नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लष्करी अवकाश कमांडने पत्र देऊन वेगाची खात्री दिली. पण खात्रीचे पत्र म्हणजे मोजमापातली चूक किती ते सांगणे नव्हे. याच उपग्रहांच्या इतर नोंदी जमिनीवरच्या मोजमापांशी ताडल्या तेव्हा वेगात बऱ्यापैकी चुका निघाल्या. २०२३ मध्ये समुद्रतळावर चुंबकी घसरगाडी ओढून बारीक गोळ्या गोळा झाल्या. पुढे २०२४ च्या एका अभ्यासात असे निघाले, की ज्या भूकंपमापकाच्या नोंदीवरून पडण्याची जागा बारीक केली होती, ती नोंद बहुधा जवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची होती.

आता ताऱ्यांमधल्या माध्यमाकडे वळू, कारण पाहुण्यांच्या गोंगाटात ते विसरले जाते. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, हे १९०४ मध्ये योहानेस हार्टमान यांनी ओळखले: मृग नक्षत्रातल्या एका जोडताऱ्याच्या वर्णपटातल्या सगळ्या रेषा मागेपुढे हलत होत्या, कॅल्शियमची एक मात्र जागची हलेना, म्हणजे तो कॅल्शियम ताऱ्यात नाही, वाटेत आहे. सूर्य आत्ता ज्या ढगातून चालला आहे, त्यात दर घन सेंटिमीटरला एखादाही अणू भरत नाही, आणि आपण त्यातून सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेगाने जातो. त्यातली धूळ सूर्यमालेत घुसते. युलिसिस यानाने १९९० च्या दशकात ती मोजली, कॅसिनीने शनीजवळ ३६ कण पकडले, आणि स्टारडस्ट यानाने २००६ मध्ये परत आणलेल्या एरोजेलमध्ये (कण अलगद झेलणाऱ्या अतिहलक्या पदार्थात) आणि पत्र्यांवर, हजारो स्वयंसेवकांनी सूक्ष्मदर्शकाची चित्रे चाळून, सात कण आंतरतारकीय असावेत असे निघाले. हे काम वर्षानुवर्षे चालले, आणि त्यावर एकही वाहिनीवाला भांडला नाही.

या माध्यमातून आणि ताऱ्यांमधून सूर्य कसा चालला आहे, हे पाहिले की वादातला एक मुद्दाही निकाली निघतो. ओमुआमुआचा २६ किलोमीटरचा वेग काय सांगतो? आजूबाजूच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या हिशेबात ते जवळपास स्थिर होते. सूर्यच त्याच्या अंगावर धावून गेला. म्हणून ते अभिजित ताऱ्याच्या बाजूने, सूर्य ज्या दिशेला चालला आहे तिकडून आल्यासारखे दिसले. ॲटलसचा ५८ चा वेग आकाशगंगेतल्या जुन्या ताऱ्यांना शोभणारा आहे, आणि त्यावरूनच ते सूर्यमालेहून जुने असावे असा अंदाज निघतो. मुद्दाम प्रवासाला निघालेल्याचा हा वेग नव्हे. त्या वेगाने सर्वांत जवळचा तारा गाठायला बावीस हजार वर्षे लागतील.

आणि ज्यांना यानेच शोधायची आहेत त्यांनी एक साधा हिशेब करावा. आपली पाच याने सूर्यमालेबाहेर चालली आहेत: दोन पायोनियर, दोन व्हॉयेजर आणि न्यू होरायझन्स. व्हॉयेजर-१ ने २५ ऑगस्ट २०१२ ला सौरवाऱ्याची हद्द ओलांडली. त्याची तबकडी ३.७ मीटरची. तसे परके यान उद्या पृथ्वीच्या कक्षेबाहेरून गेले, तर आजच्या कुठल्याही आकाश-सर्वेक्षणाला ते दिसणार नाही. आपली जाळी मोठ्या वस्तूंची आहे, आणि मोठ्या वस्तूंत निसर्गाचीच गर्दी असणार. एकट्या ओमुआमुआवरून काढलेल्या ढोबळ अंदाजाने नेपच्यूनच्या कक्षेच्या आत कुठल्याही क्षणी तसल्या वस्तू दहा हजारांच्या घरात असाव्यात. एका शोधावरचा अंदाज, तेव्हा दहापट इकडे-तिकडे होऊ शकतो. पण या गर्दीत एखादी खरोखर वेगळी ओळखायची, तर आधी गर्दी ओळखीची व्हायला हवी. त्याला जवळची वाट नाही.

‘निदान लोकांचे लक्ष तर वेधले’ हा युक्तिवाद उरतो. लक्ष वेधले, खरे. पण ते कुठे गेले? गुरूभोवतीचे जुनो यान ॲटलसच्या वाटेवर वळवा, अशी मागणी झाली. २०१६ मध्ये गुरूभोवती शिरल्यानंतर जुनोच्या मुख्य इंजिनाच्या झडपा नीट उघडेनात, म्हणून ते इंजिन नंतर कधी पेटवलेले नाही, हे तिथे सहसा सांगितले गेले नाही. त्याच वेळी खरा प्रश्न शेजारी उभा होता. युरोपीय अवकाश संस्थेचे कॉमेट इंटरसेप्टर २०२९ मध्ये सुटणार आहे. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर ते लक्ष्याची वाट बघत थांबेल. ते फक्त पृथ्वीइतक्या अंतराच्या आसपास ग्रहांचे प्रतल ओलांडणाऱ्या वस्तूपर्यंत पोहोचू शकते. आधीच तिथे असते, तर तिघांपैकी किती गाठता आले असते? ओमुआमुआ सापडण्याआधीच निघून गेले होते, बोरिसोव्ह दोन खगोलीय एककांपेक्षा आत आले नाही, ॲटलस सूर्याजवळ असताना पृथ्वी पलीकडच्या बाजूला. एकही नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच यानाइतकाच पैसा लवकर शोधण्यावर लागतो.

जवळून जाण्याचे तंत्र नवे नाही. १४ मार्च १९८६ ला जिओत्तो यान हॅलेच्या केंद्रकापासून सुमारे सहाशे किलोमीटरवरून, सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने गेले. सर्वांत जवळच्या क्षणाच्या चौदा सेकंद आधी धुळीच्या कणाने त्याला धक्का दिला, यान डुलू लागले, पुढे कॅमेराही गेला. पण केंद्रकाची चित्रे तोवर पृथ्वीवर पोहोचली होती, कारण ती घेतली तशी लगेच पाठवण्याची सोय आधीच केलेली होती. हॅले कधी येणार हे मागच्या फेरीपासून ठाऊक होते. ॲटलस सापडले ते सूर्यापासून साडेचार खगोलीय एककांवर, अठराव्या प्रतीच्या आसपासचे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू फिकट). उपसूर्य बिंदूला चार महिने उरले होते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ८.४ मीटरचा आरसा एकेका चित्रात चोविसाव्या प्रतीपर्यंत जातो, म्हणजे त्याहून अडीचशे पट फिकट. ॲटलस वर्षाला बारा खगोलीय एकके चालत होते. ते आणखी वर्षभर आधी, साडेसोळा एककांवर असताना दिसायचे, तर उजेड परतवणारी धूळ तेवढीच धरून निदान एकशे ऐंशी पट फिकट दिसले असते. गार अंतरावर धूळ कमीच असणार, तेव्हा पूर्ण वर्ष मिळेल असे नाही. सहा-आठ महिने मिळतील, आणि तेही रुबिनचे सर्वेक्षण दाट तारकागर्दीतले पट्टे वगळत नसेल तर. ॲटलस त्या गर्दीतूनच आले होते, म्हणून मे महिन्याच्या जुन्या चित्रांत असूनही तेव्हा ओळखू आले नाही. रुबिनने त्या पट्ट्यांना किती रात्री द्यायच्या, यावरचा वाद वाहिनीवर घेता येणार नाही. पण चौथी वस्तू किती आधी सापडेल, ते तिथेच ठरणार आहे.